आमच्या गल्लीतले सात गतिरोधक

“पोरीचा हात घट्ट धर म्हणजे झालं. रस्ता सुधारायच्या फंदात पडू नकोस,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. म्हणताना त्या लसूण सोलत होत्या, आणि लसूण सोलता सोलता सांगितलेली गोष्ट मनावर घ्यायची आमच्या पिढीला सवय नाही. शिवाय मी समाजशास्त्राची पदवीधर. कॉलेजात ‘नागरिकांचा सहभाग’ या विषयावर मी जाडजूड प्रकल्प केला होता आणि त्यावर सरांनी ‘उत्साह दांडगा आहे’ असा शेरा मारला होता. तो शेरा मी इतकी वर्षं कौतुक समजत आले.

तर मी हसून म्हटलं, “अहो आई, सगळ्यांनी असाच विचार केला तर समाज पुढे कसा जाणार?” त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली आणि समाजाला पुढे जाऊ दिलं.

आमची गल्ली म्हणजे सिग्नल चुकवायची पळवाट. एका तोंडाला मोठा रस्ता, दुसऱ्या तोंडाला बाजार आणि मध्ये दोन्ही बाजूंना मिळून सात इमारती. आमची बरोबर मधली. सिग्नलला थांबणं ज्यांना कमीपणाचं वाटतं असे सगळे मोटारसायकलवाले आमच्या फाटकावरून सुसाट जातात. ठकी तेव्हा नुकती चालायला लागली होती. ठकी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव लांबलचक आणि सुंदर आहे, पण ते फक्त लशीच्या कार्डावर वापरतात. नुकती चालायला लागलेली मुलं चालत नाहीत, धावतात, आणि तीही आई उभी असेल त्याच्या उलट दिशेला. एका सकाळी ती फाटकाबाहेर धावली आणि एक मोटारसायकल तिच्यापासून चार हात लांबून गेली. चार हात हा नवऱ्याचा हिशेब. माझ्या मते वीतभर. झालं काहीच नाही. ठकीनं मोटारसायकलला टाटा केला, त्या मुलानंही मागे वळून केला. पण तेवढ्यात मी मनातल्या मनात ॲम्ब्युलन्स, ऑपरेशन थिएटर, भेटायला येणारे नातेवाईक हे सगळं करून परतही आले होते. माझं असंच आहे. दूध उतू जायला लागलं की मला आगीचा बंब दिसतो.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. आमच्या फाटकासमोर एक गतिरोधक बसवावा, अशी मागणी. कृपया ध्यानात घ्या, एक.

नवरा म्हणाला, अर्ज कशाला, नगरसेवकांना फोन कर. पण नगरसेवकांचा फोन त्यांचे मेहुणे उचलतात आणि मेहुणे सगळ्याला ‘होऊन जाईल’ म्हणतात, हे गल्लीतल्या लहान मुलालाही माहीत आहे. म्हणून मी सह्या गोळा करायला निघाले. कडेवर ठकी, हातात पेन. दारात शेजारीण लेकराला घेऊन उभी असताना सही करायला नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची टाप नाही. लोक मनातून काहीही म्हणोत, हातानं सही करतात. एकांनी न वाचता सही करून मग विचारलं की पाणी कधीपासून वाढवून मिळणार. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र मजकूर तीनदा वाचला, ‘विनंती’ खोडून ‘नम्र विनंती’ केलं, मग ‘नम्र’ खोडून ‘सविनय’ केलं, आणि आता कसा भारदस्त वाटतो बघा म्हणाले. समोरच्या वहिनींनी सल्ला दिला की रबराचा मागा, सिमेंटचा मागू नका. त्यांच्या बहिणीकडे रबराचा आहे. जणू बहिणीनं तो दिवाणखान्यात बसवून घेतलाय.

सगळ्यात शेवटी मी तळमजल्यावर हॅलोकाकांकडे गेले. त्यांचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी दार वाजलं की ते आतून ‘हॅलो’ म्हणतात, आणि कुणी वाटीभर साखर मागायला आलं तर ‘लाइनवर राहा’ म्हणून आत जातात. काकू गेल्यापासून एकटेच असतात. एक भाची आहे, ती लांब. काकांची दोन्ही मूत्रपिंडं थकलेली, त्यामुळे एक दिवसाआड डायलिसिस. त्यांचा एक ठरलेला रिक्षावाला होता. तो सकाळी रिक्षा फाटकाला लावायचा, आत येऊन काकांना दंडाला धरून न्यायचा आणि दुपारी तसाच दारापर्यंत आणून सोडायचा. परत येताना काकांच्या अंगात पिळून वाळत घातलेल्या फडक्याइतकाच जीव उरलेला असायचा. बाल्कनीतून मी हे दर वेळी पाहायची. मला सगळं दिसतं. कोणाकडे कोण आलं, कोणाचं दूध राहिलं, कोणाचं पोर खोकतंय. ही माझी नुसती खोड नाही, गल्लीची सेवा आहे असं मला वाटायचं.

काकांनी अर्ज भिंगाखाली धरून पूर्ण वाचला. सगळ्या गल्लीत एक प्रश्न विचारणारे ते एकटेच निघाले.

“रिक्षा फाटकापर्यंत येईल ना?”

“काका, रिक्षा काय, विमान येईल,” मी म्हटलं.

ते हसले. ठकीच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले, या बाईसाठी करतो सही.

आता पालिकेचं कार्यालय. त्याचं वर्णन मी थोडक्यात करते, कारण तिथला वेळ थोडक्यात गेला नाही. गतिरोधक हा रस्ते विभागाचा विषय की वाहतूक विभागाचा, यावर त्या इमारतीत दोन मतं आहेत, आणि ती दोन वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात. लिफ्ट फक्त खाली येते, वर जात नाही. मी ठकीला घेऊन एका मतापासून दुसऱ्या मतापर्यंत जिने चढत उतरत राहिले. शेवटी एका कारकुनांना दया आली. त्यांनी विचारलं, गल्लीत शाळा आहे का? शाळा असेल तर प्रकरण लवकर सरकतं. आता पलीकडच्या इमारतीतल्या एक आजी दुपारी चार मुलं सांभाळतात, त्यांतली दोन त्यांचीच नातवंडं. मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, आहे. बालवर्ग आहे. खोटं नव्हतं. फक्त जरा फुगवलेलं होतं, नेमकं गतिरोधकासारखं.

या चर्चेत असताना ठकीनं टेबलावरचा शिक्का उचलून स्वतःच्या दंडावर मारला. ‘आवक’ हा जांभळा शब्द साबणानं, तेलानं, कशानंही जाईना. सासूबाईंनी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, चला, घरातल्या एकाची तरी नोंद झाली.

प्रकरण खरं बिघडलं ते जागेच्या मुद्द्यावर. कनिष्ठ अभियंता नावाचे एक गृहस्थ पाहणीला आले आणि त्यांनी गल्लीत उभं राहून मोठ्यानं विचारलं, “नक्की कुठं बसवायचा?” त्या प्रश्नासरशी साती इमारतींच्या खिडक्या उघडल्या. तोवर गतिरोधकाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. तो आमच्याच फाटकासमोर होणार म्हटल्यावर मात्र प्रत्येकाला एकदम आपली मुलं आठवली. ज्यांना मुलं नव्हती त्यांना वडीलधारी आठवली, आणि एकांना त्यांचं मांजर. कोपऱ्यावरच्या इमारतीला तर गतिरोधक नकोच होता, गाड्या दणादणा आपटतात म्हणून त्यांचा लेखी विरोध होता. पण शेजारच्या इमारतीला मिळतोय असं कळल्यावर त्यांनी विरोध मागे घेऊन दोन मागितले.

सगळ्यांची बैठक झाली. सेक्रेटरी म्हणाले सविनय ऐका, कुणी ऐकेना. आवाज चढायला लागले. आणि त्या क्षणी, वाचकहो, माझ्यातली समाजशास्त्रज्ञ जागी झाली. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं की भांडण कशाला, प्रत्येक फाटकासमोर एकेक मागू या. सगळ्यांचा मान राहील.

सगळ्यांनी मनात आपापली फाटकं मोजली. मग टाळ्या. सेक्रेटरींनी ‘सुशिक्षित सून असावी तर अशी’ असं म्हटलं आणि मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. हॅलोकाका त्या दिवशी हॉस्पिटलातून येऊन झोपले होते, त्यांना बैठकीला कोणी उठवलं नाही. मी अर्जात ‘एक’ खोडून ‘सात’ केलं. नव्यानं सह्या घ्यायची कुणाला गरज वाटली नाही, जुन्याच पुढे चालवल्या. त्या दिवसापासून मला गल्लीत गतिरोधकताई म्हणायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

सात गतिरोधक एकाच सकाळी झाले. कंत्राटदाराकडे दुसऱ्या कुठल्या कामाचा माल उरला होता आणि माणूस हात राखून वाढणारा नव्हता. माल संपवायचाच या जिद्दीनं त्यानं उंची वाढवली. आमच्या फाटकासमोरचा तर असा होता की ठकीला त्यावर चढायला दोन्ही हात टेकावे लागले. वर पांढरे पट्टे ओढायचे राहिले, कारण रंग हा वेगळ्या विभागाचा विषय आहे.

पहिल्या दिवशी सेक्रेटरींची नवी मोटार तिसऱ्या गतिरोधकावर पोट टेकून बसली. पुढची चाकं हवेत, मागची हवेत, आत सेक्रेटरी, तराजूच्या काट्यासारखे. कोणी पुढून ढकललं की मागं झुकायचे, मागून ढकललं की पुढं. समोरच्या वहिनींच्या लग्नाच्या वाढदिवसाचा दोन मजली केक आला तो डब्यात एकमजली झालेला होता, आणि वरची साखरेची नवरानवरी एकमेकांच्या अंगावर पडली होती. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जिन्यात त्यांनी माझ्यासमोर बहिणीला फोन लावून रबराचा कसा बरा असतो ते बराच वेळ ऐकवलं. आमच्याच घरी अंडी यायची ती फेटूनच यायला लागली. मुलांची शाळेची गाडी कोपऱ्यावर थांबायला लागली, त्यामुळे जी पोरं फाटकातून गाडीत बसायची ती आता मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी राहायला लागली. आणि मोटारसायकलवाले? त्यांच्यासाठी कंत्राटदारानं पाणी वाहून जायला प्रत्येक गतिरोधकाच्या कडेला हातभर सपाट जागा सोडली होती. ते आता तेवढ्यातून, फाटकांना अगदी घासून, पूर्वीच्याच वेगानं जायला लागले. म्हणजे आधी चार हातांवरून जायचे, आता खरोखर वीतभरावरून. नवऱ्यानं हिशेब माझ्या बाजूनं दुरुस्त केला, पण मला त्यात काही विजय वाटला नाही.

लोक तोंडावर काही बोलत नाहीत हा मध्यमवर्गाचा मोठा गुण आहे. ते एकमेकांशी बोलतात आणि आपल्याला ऐकू येईल इतक्याच अंतरावर उभे राहतात. ‘ताईंची कृपा’ हा शब्दप्रयोग मी भाजीवाल्याकडे ऐकला, वाण्याकडे ऐकला, आणि एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या मुलानं सायकलवरून पडल्यावर रडता रडता तोच वापरला, तेव्हा मात्र मी घरात येऊन दार लावून घेतलं. मी बाल्कनीत जायची बंद झाले. कपडे आतल्या खोलीत पंख्याखाली वाळत घालायला लागले. बाहेर जायचं तर डोळ्यांपर्यंत छत्री ओढून. ठकीला फिरवायचं काम सासूबाईंकडे दिलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथं मला ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते सांगते. गल्लीतलं कोणाचं दूध राहिलं हे सांगणारी मी. आणि त्या सगळ्या दिवसांत खाली फाटकाशी रिक्षा येत नाहीये, हे मला कळलं नाही. मी माझं तोंड लपवण्यात गुंतले होते.

एका सकाळी सासूबाईंचे गुडघे धरले म्हणून मीच ठकीला घेऊन, छत्री ओढून बाहेर पडले. तिसऱ्या गतिरोधकापाशी पोचतो तोच ठकी माझा हात सोडवून पळाली. मी छत्री वर केली. गतिरोधकावर हॅलोकाका बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कापडी पिशवी, मांडीवर दुमडलेली फाइल. बागेतल्या बाकावर बसावं तसे. ठकी त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती.

“या, बसा,” ते म्हणाले. “तुमचाच आहे.”

टोमणा नव्हता. तेच मला सोसलं नाही. मी खरोखर बसले. एक मोटारसायकल कडेनं आम्हा तिघांना घासून गेली, आणि त्या मुलानं आम्ही असे रस्त्यात का बसलोय म्हणून जाता जाता शिवीही दिली.

हळूहळू कळलं ते असं. रिक्षावाल्यानं पहिले काही दिवस रिक्षा आत घातली. पण प्रत्येक गतिरोधकावर काका असे आपटायचे की हाताला सुईच्या जागी काळंनिळं व्हायचं. शेवटी काकाच त्याला म्हणाले की तू कोपऱ्यावर थांब, मी येतो चालत. तो बिचारा हात धरून आणायलाही यायचा. पण मोठ्या रस्त्यावर रिक्षा सोडून आलं की मागं हॉर्नची रांग, पोलिसाची पावती. काकांनी तेही बंद करायला सांगितलं. जाताना तीन गतिरोधक, येताना तीन. ते त्यांनी बसायच्या जागा म्हणून वापरायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचा जरा खडबडीत आहे, म्हणाले, हा मात्र गुळगुळीत झालाय. जाताना जमतं. येताना उन्हात जमत नाही.

“मग येता कसे?”

“परवा गेलोच नाही,” ते म्हणाले. “त्याच्या आधीचाही चुकला. नर्सचा फोन आला, तिला सांगितलं गावाला आलोय. सगळी नोकरी लोकांचे फोन जोडण्यात गेली, खोटं बोलून तोडला हा पहिलाच.”

ते हसले, आणि हसण्यानं त्यांना धाप लागली. ती धाप मी ओळखली. आजारी लेकराच्या छातीला कान लावून बसणाऱ्या बाईला धापेतला फरक कळतो. मग मी खाली पाहिलं. त्यांच्या चपलांचे पट्टे सोडलेले होते, कारण पाय आत मावत नव्हते. घोट्यावर जिथं हाड दिसायला हवं तिथं नुसतीच तुकतुकीत सूज होती. डोळ्यांखालीही. आज जायचंच ठरवून निघालो, ते म्हणाले, पण इथवर आल्यावर उठताच येईना. म्हणून जरा बसलोय.

“काका, मला सांगायचं नाही का?”

“काय सांगणार? सही माझीही आहे.”

मी उठले आणि ओरडले. माझ्या आयुष्यात मी रस्त्यात कधी ओरडले नाही. आमच्यात ओरडायचं असलं तर फोनवर ओरडतात. पण मी छत्री टाकून सेक्रेटरींच्या नावानं अशी हाक दिली की साती इमारतींच्या खिडक्या पुन्हा उघडल्या. सेक्रेटरी अर्ध्या दाढीनं खाली आले. मी म्हटलं, सोसायटीच्या कचेरीतली चाकांची फिरती खुर्ची आणा. त्यांनी एवढंच विचारलं, कोणाची सही लागेल? मग काकांकडे बघितलं आणि स्वतःच धावत गेले.

त्या मिरवणुकीचं काय सांगू. पुढं सेक्रेटरी, एका गालाला साबण. मागून माझा नवरा, ऑफिसच्या कपड्यांत. खुर्चीत काका, मांडीवर ठकी, कारण ती उतरायला तयार नव्हती आणि काका म्हणाले राहू दे, वजन असलं की खुर्ची हलत नाही. त्या खुर्चीची चाकं फरशीसाठी केलेली. ती रस्त्यावर चार पावलं जायची आणि मग काका गोल फिरून ज्या घरातून आले तिकडं तोंड करायचे. तिसऱ्या गतिरोधकावर खुर्ची उचलायला चौथा माणूस लागला. समोरच्या वहिनी पुढं आल्या आणि त्यांनी खुर्चीची एक बाजू धरली. दुसऱ्यावर कोपऱ्यावरच्या इमारतीचे, दोन गतिरोधक मागणारे गृहस्थ आले. त्यांनी उचलता उचलता हा फारच उंच झालाय असं नोंदवलं. कुणीतरी म्हटलं, ताईंची कृपा. कुणी हसलं नाही. मीसुद्धा मान वर केली नाही.

हॉस्पिटलात काकांना आत नेल्यावर नर्सनं विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी गप्प. शेजारीण म्हणावं तर शेजारधर्म कुठं दिसला होता. गतिरोधकताई म्हणावं तर स्पष्टीकरण लांबलं असतं. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिनं घरची असा घेतला आणि मग ती मला जे बोलली ते माझी आईसुद्धा मला कधी बोलली नसेल. अशा माणसाचा एक दिवस चुकवायचा नसतो हे कळत नाही का, अंगात किती पाणी साठलंय बघितलं का, आणखी एक दिवस गेला असता तर काय घेऊन आला असता इथं, शिकलेल्या दिसता. मी सगळं ऐकून घेतलं. मी घरची नाही, असं म्हणायची सोय होती. ती मी घेतली नाही. एवढी एकच गोष्ट त्या महिन्यात मी बरोबर केली.

काकांना काही दिवस ठेवून घेतलं आणि मी पुन्हा पालिकेत गेले. कारकुनांनी ओळखलं, ठकीचा दंड बघितला, शिक्का पुसट झाला म्हणाले. गतिरोधक काढायचेत म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. बसवायचा अर्ज असतो, काढायचा नसतो. आजवर कुणी काढून मागितलेलाच नाही. फार तर तक्रार करता येईल. तक्रार कोणाविरुद्ध, हा रकाना भरायलाच लागतो. कंत्राटदारानं काम मागणीप्रमाणं केलं होतं, विभागानं मंजुरी मागणीप्रमाणं दिली होती, राहिलं कोण? मी रकान्यात माझं नाव लिहिलं. तक्रारदार मीच, जिच्याविरुद्ध तक्रार तीही मीच. पंधरवड्यानं मला नोटीस आली की आपल्याविरुद्ध आलेल्या तक्रारीचा खुलासा करावा. मी खुलासा केला की तक्रार संपूर्णपणे खरी आहे. त्यावर उत्तर आलं की दोन्ही पक्षांना समोरासमोर सुनावणीला बोलावण्यात येईल. सासूबाईंनी ते पत्र वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, जा, पण भांडू नका दोघी.

मधल्या काळात मी पुन्हा सह्यांसाठी फिरले. गतिरोधक काढावेत हे सगळ्यांना मान्य होतं. प्रत्येकाच्या मते बाकीचे सहा. आपापला काढायला फक्त आमची इमारत तयार झाली, तेही हॅलोकाका आमच्या तळमजल्यावर राहतात म्हणून. त्यामुळे सुनावणीअंती आमच्या फाटकासमोरचा तेवढा निघाला. काढण्याच्या कामात खालचा रस्ता भरणं येत नाही, म्हणून आता तिथं लांबट खड्डा आहे. आणि आमच्याच इमारतीला खास वागणूक कशी, अशी बाकीच्यांची कुजबुज सुरू आहे.

काका परत आले. तब्येत जेमतेम सावरलीय. डॉक्टर म्हणतात पूर्वीसारखी होईलच असं नाही, आणि हे वाक्य मी भांडी घासताना, ठकीला निजवताना, कुठंही ऐकत असते. एक दिवसाआड सकाळी कुणीतरी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जातं आणि दुपारी घ्यायला जातं. बऱ्याचदा मी, कधी नवरा, एकदोनदा वहिनी. काकांनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर मी तो पुसून टाकायला काहीतरी केलं असतं. आता नुसतं बरोबर चालते. ते थांबले की थांबते. गतिरोधकावर बसले की शेजारी बसते आणि छत्री त्यांच्या डोक्यावर धरते. येणारे जाणारे बघतात. बघू देत.

हे लिहायचं नव्हतं. कोण आपण होऊन स्वतःची शोभा करून घेतो? पण परवा दुसऱ्या एका गल्लीतून चालले होते, तिथंही असेच ओळीनं उंचवटे दिसले, आणि त्यांच्या अलीकडं एक रिक्षा वळून परत जाताना दिसली. आत कोण होतं आणि ते कुठं उतरलं, मला कळलं नाही.

तुमच्या गल्लीतही असतील. ते कुणी मागितले हे शोधत बसू नका, ती बाई आधीच आतल्या खोलीत कपडे वाळत घालत असेल. एवढंच करा. रिक्षा जिथून परत फिरते तिथं दुपारच्या वेळी जरा जाऊन उभं राहा. कोणी उतरून चालत असेल तर पिशवी हातात घ्या. आणि जे पूर्वी रोज दिसायचे आणि हल्ली दिसत नाहीत, त्यांच्या दाराची बेल आजच वाजवून या.